पडलेला सिनेमा आणि आपला नळ

गेल्या महिन्यात आमच्या जुळे सोलापुरातल्या विहारात एका सिनेमावरून वाद झाला. रविवारची वंदना आटोपली होती. सतरंजीवर चहाचे कप फिरत होते. युवक मंडळाच्या मुलांनी सूचना मांडली की, महिन्याच्या शेवटच्या रविवारी विहारात एक सिनेमा दाखवावा आणि नंतर त्यावर चर्चा ठेवावी. मुले नुसत्या भाषणांना येत नाहीत, सिनेमाला येतील. पहिला सिनेमा म्हणून त्यांनी नाव सुचवले, ‘भावेश जोशी सुपरहिरो’.

झाले! एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, “हे विहार आहे का टॉकीज?” दुसऱ्यांनी विचारले, “आणि जोशीबुवाच का? आपली माणसं संपली की काय?” सगळे हसले. तिसऱ्यांनी खिशातला मोबाईल काढून बघितले आणि निकालच दिला, “अहो, हा तर पडेल सिनेमा आहे. चार दिवसांत थेटरातून उतरला.” मुलांचे चेहरे पडले. मी उठून म्हणालो, “सिनेमा दाखवायला माझी हरकत नाही. मी तो पाहिला आहे, एकदा नव्हे, तीनदा.” त्यावर ज्येष्ठ उपासक माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी विहारात पत्त्यांचा डाव मांडला. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. त्या दिवशी घाईत मला नीट बोलता आले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम सिनेमाची ओळख करून देतो, कारण फार थोड्यांनी तो पाहिला असेल. १ जून २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक विक्रमादित्य मोटवाने. ‘उडान’ आणि ‘लुटेरा’ या त्यांच्या आधीच्या चित्रपटांचे कौतुक झाले होते. २०१७ साली त्यांनी ‘ट्रॅप्ड’ काढला. त्यात मुंबईच्या उंच इमारतीत कुलूपबंद झालेला एक तरुण पाण्याच्या थेंबासाठी तडफडतो. म्हणजे पाणी हा विषय या माणसाच्या डोक्यात आधीपासूनच असावा. ‘भावेश जोशी’मध्ये मुख्य भूमिका अनिल कपूर यांचे चिरंजीव हर्षवर्धन यांची आहे. त्याच दिवशी चार बड्या नायिकांचा दुसरा एक सिनेमा लागला होता. लोक तिकडे गेले. इकडे खुर्च्या रिकाम्या राहिल्या. समीक्षकांनीही फारसे उचलून धरले नाही. लांबण फार, अंधार फार, हिरोत दम नाही, असे शेरे मारले गेले.

गोष्ट अशी आहे. मुंबईतले तीन मित्र आहेत, भावेश, सिकंदर आणि रजत. २०११ साली भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाची लाट आली, तेव्हा तीही पोरे त्यात उतरतात. लाट ओसरते. पोरांचा उत्साह मात्र संपत नाही. डोक्यावर कागदी पिशव्या घालतात, डोळ्यांच्या जागी भोके पाडतात, आणि सिग्नल तोडणाऱ्याला अडव, कुठे झाड तोडणाऱ्याला जाब विचार, असे उद्योग करून त्याचे व्हिडिओ लोकांना दाखवतात. पुढे सिकंदरला चांगली नोकरी लागते आणि परदेशी जायची संधी येते. भावेश तिथेच राहतो. त्याच्याकडे पाण्याची एक तक्रार येते. साधी, आपल्या घरातली वाटावी अशी. तिचा माग काढता काढता तो सरकारी पाइपातले पाणी चोरून टँकरने विकणाऱ्यांपर्यंत आणि त्यांच्यावर हात ठेवणाऱ्या पुढाऱ्यापर्यंत पोचतो. तिथे त्याचा खून होतो. मग मागे राहिलेला सिकंदर पश्चात्तापाने पेटतो, कराटे शिकतो, मोटारसायकल तयार करतो आणि मुखवटा चढवतो.

पाणी विकणाऱ्या पुढाऱ्याचे काम निशिकांत कामत यांनी केले आहे. हे तेच, ज्यांनी २००५ साली ‘डोंबिवली फास्ट’ काढला होता. त्यात भ्रष्टाचाराने चिडलेला बँकेतला कारकून एक दिवस हातात बॅट घेतो. तेव्हा चिडलेल्या माणसाची गोष्ट सांगणारा दिग्दर्शक इथे त्याला चिडवणाऱ्या बाजूला उभा आहे. २०२० साली ते वारले. हा सिनेमा पाहताना त्यांची आठवण येते.

आता आक्षेप एकेक करून घेऊ.

पहिला आक्षेप, हिरो दुबळा आहे. खरे आहे. त्याला उडता येत नाही. ‘क्रिश’सारखा तो एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर झेप घेत नाही. मारामारीत तो स्वतःच जास्त मार खातो. पण बंधू-भगिनींनो, याच कारणाने मला तो पटला. आभाळातून उतरून आपले दुःख निवारणारा कोणी असतो, ही कल्पना आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात सोडून आलो. अवतार नाही, चमत्कार नाही. बुद्धांनी स्वतःला मोक्षदाता म्हटले नाही, मार्गदाता म्हटले. मग आपल्या मुलांना उडणारा हिरो दाखवणे बरे, की ठेचकाळणारा? ज्याच्या अंगी कुठलीही शक्ती नाही असा माणूस काय करू शकतो, आणि कुठे कमी पडतो, हे हा सिनेमा दाखवतो. लोकांना शक्ती हवी होती, म्हणून लोक निराश झाले. यात दोष कोणाचा?

दुसरा आक्षेप लांबीचा. अडीच तासांचा सिनेमा आहे आणि मध्यानंतर तो रेंगाळतो, हे मी मान्य करतो. अर्धा तास कापला असता तर बरे झाले असते. पण माझ्या आईला मी हा सिनेमा दाखवला, तेव्हा तिला तो लांब वाटला नाही. ती म्हणाली, “पाण्याची गोष्ट आखूड कशी असंल रं?”

आईचे ऐकायला हवे. तिचे माहेर मोहोळ तालुक्यातले. ती लहान असताना गावात विहीर एकच होती. घटनेने अस्पृश्यता संपवली होती, पण ते कागद गावाच्या विहिरीपर्यंत पोचले नव्हते. आमच्या लोकांनी घागर लांब ठेवून थांबायचे. कोणाच्या मनात आले तर वरून पाणी ओतायचे. ओतताना धार लांब धरायची, म्हणजे घागरीला घागर लागत नाही. एकदा दिवस कलेपर्यंत ती उभी होती. कोणी ओतले नाही. रिकामी घागर घेऊन घरी आली आणि उशीर का केला म्हणून आजीने तिलाच मारले. ही गोष्ट तिने आम्हाला हसत हसत सांगितली. सिनेमात रिकाम्या भांड्यांची रांग आली, तेव्हा मात्र ती हसली नाही.

आज आमच्याकडे नळ आहे. सोलापुरापासून शंभरेक किलोमीटरवर भीमेवर उजनीचे एवढे मोठे धरण आहे. तरी गेली कित्येक वर्षे सोलापूरकराने रोज नळाला पाणी पाहिलेले नाही. ‘पाण्याचा दिवस’ हा शब्द बाहेरच्या पाहुण्याला समजावून सांगावा लागतो. पाणी रात्री दोनला सुटो की पहाटे चारला, घरातली बाई जागी असते. ज्याच्याकडे मोटार आहे तो आधी ओढून घेतो. शेवटच्या घरी करंगळीएवढी धार. आणि ज्या वस्तीत नळच नाही, तिथे टँकरची वाट. आता घागर वरून ओतत नाहीत, पाइपातून ओतत नाहीत एवढेच. हा सिनेमा पाहताना आम्हाला कोणी काही समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. मुखवटा घालून कायदा हातात घेणारा माणूस आंबेडकरी चळवळीतल्या मुलांना दाखवायचा का? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी दोन गोष्टींबद्दल बजावले होते. सनदशीर मार्ग खुले असताना बेकायदा मार्ग धरणे म्हणजे अराजकाचे व्याकरण आहे, ही एक. आणि धर्मात भक्तीने काय व्हायचे ते होवो, राजकारणात व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, ही दुसरी. सुपरहिरो म्हणजे या दोन्ही इशाऱ्यांचे उल्लंघनच की! २०११ च्या त्या आंदोलनाबद्दलही आपल्यातल्या अनेकांना हीच धास्ती होती. संसदेला आणि घटनेला वळसा घालून कोणा एकाच्या मागे धावायचे, हे आपल्याला तेव्हाही रुचले नव्हते.

मग मी या सिनेमाची बाजू का घेतो? कारण सिनेमा या मार्गाची आरती ओवाळत नाही. तो त्याची किंमत दाखवतो. मुखवट्यातला सिकंदर पाण्याचा प्रश्न सोडवत नाही, तो सूड उगवायला जातो आणि स्वतः होरपळतो. या सिनेमातला खरा नायक माझ्या मते तो नव्हेच. खरा नायक पहिल्या भागातच मरतो. प्रियांशू पैन्यूली या नटाने केलेला भावेश. त्याच्याकडे फक्त तक्रार आहे, कॅमेरा आहे आणि न हटणारे डोके आहे. शिवाय मित्राचा जुना कागदी मुखवटा आहे. नाव सिनेमाला त्याचे दिले आहे, मुखवटा घालून लढणाऱ्याचे नाही, हे बघण्यासारखे आहे.

आपल्याला ही गोष्ट ओळखीची आहे. महाड आठवा. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव करून चवदार तळे खुले केले. कागद झाला, पाणी काही मिळेना. तीन वर्षे तो कागद तसाच पडून होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. म्हणजे हक्क कागदावर असणे आणि पाणी घागरीत असणे यात जे अंतर असते, ते कोणालातरी चालून जावे लागते. भावेश तेच अंतर चालू लागतो.

पण पुढेही लक्षात ठेवा. डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा महाडला सत्याग्रहासाठी लोक जमले, तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम आला होता. हजारो माणसे पेटलेली होती. बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला, सत्याग्रह पुढे ढकलला, आणि खटला लढवला. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे! ओंजळभर पाण्याचा हक्क कायद्याने सिद्ध करायला दहा वर्षे. कुठल्या सिनेमात एवढा धीर मावेल?

आणि त्याहून मागे जायचे तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ उघडा. सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, रोगी आणि प्रेत दिसले म्हणून नव्हे, असे बाबासाहेब सांगतात. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचे भांडण झाले. शाक्य संघाने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने विरोध केला, दोन्ही बाजूंची माणसे नेमून वाद मिटवा म्हणून सुचवले. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. त्याने शस्त्र घेतले नाही आणि मानही तुकवली नाही. परिव्रज्या पत्करली. आपल्या धम्माच्या मुळाशी पाण्याचा तंटा आहे, आणि बहुमताने हरलेला एक तरुण आहे. तेव्हा सिनेमा पडला, लोकांनी नाकारला, एवढ्यावरून तो खोटा ठरवण्याची घाई आपण तरी करू नये.

चौथा आक्षेप, यात आपण कुठे आहोत? हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. तिघा मित्रांत आपला कोणी नाही. पाण्यावाचून तडफडणारी माणसे दिसतात, पण त्यांच्या वस्तीला पाणी शेवटी का पोचते, हा प्रश्न सिनेमा जातीपर्यंत नेत नाही. जोशी आणि खन्ना लढतात, वस्ती बघत राहते. हे व्यंग आहे. पण म्हणूनच तो विहारात दाखवून चर्चा ठेवायची. सिनेमाने सोडलेली जागा आपल्या मुलांनी भरावी. ती भरता येते हे मी पाहिले आहे, कसे ते सांगतो. त्यासाठी आधी एक कबुली द्यावी लागेल.

मी लेखनिक आहे, समाजकार्य करतो, जयंतीला भाषणे करतो. काही वर्षांपूर्वी मुलीच्या प्रवेशासाठी एक दाखला हवा होता. मुदत चार दिवसांवर आली होती. कोणते कार्यालय ते सांगत नाही. टेबलापलीकडच्या माणसाने काही मागितले नाही, फक्त फाइल खालच्या बाजूला सरकवली. मी स्वतः फायली सरकवणारा माणूस. मला भाषा कळली. मी पाकीट दिले. मुलगा तेव्हा सातवीत होता आणि माझे बोट धरून उभा होता.

सिनेमात सिकंदर पासपोर्टसाठी लाच देतो आणि त्यावरून दोघा मित्रांचे तुटते. आम्ही घरी सगळे मिळून तो प्रसंग पाहत होतो. मुलाने माझ्याकडे वळून पाहिले. बोलला काही नाही. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो आणि स्वयंपाकघरात बराच वेळ उभा राहिलो. पत्नी मागून आली. म्हणाली, “त्याला अजून आठवतं. आपण विसरलो असं दाखवतो, एवढंच.” कुठलाही हिट सिनेमा पाहताना माझ्यावर अशी वेळ आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला जवळ बसवून सांगितले, “मी चुकलो.” तो आता कॉलेजात आहे. त्याने लगेच मोबाईल पुढे केला. जवळच्या एका वस्तीच्या वाट्याची जलवाहिनी वाटेतच कोणी फोडून आपल्याकडे वळवली होती, त्याचे चित्रण त्याने करून ठेवले होते. मला दाखवायची भीती वाटत होती, कारण मी ‘नसत्या भानगडीत पडू नको’ म्हणेन हे त्याला ठाऊक होते. आता तो ते सगळ्यांना पाठवणार होता. एकटाच, नाव न सांगता. कागदी पिशवीच ती!

मी त्याला विचारले, “भावेश का मेला?” तो म्हणाला, “गुंडांनी मारलं म्हणून.” मी म्हणालो, “नाही. एकटा होता म्हणून.” शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातला मधला शब्द आपण घोषणेत जोराने म्हणतो आणि कामात गाळतो. भावेश शिकलेला होता, संघर्षही करत होता. मधला शब्द त्याच्याकडे नव्हता.

आम्ही त्या वस्तीत गेलो. तीन संध्याकाळी बसलो. बायांनीच पुढाकार घेतला, कारण रात्र त्यांची जाते. अर्ज लिहिला. एकतीस सह्या आणि अंगठे झाले, प्रत्येकाचे पूर्ण नाव-आडनाव घालून. मुलाने विचारले, “नावं कशाला? धोका नाही का?” एक मावशी म्हणाल्या, “आरं, एकाचं नाव असंल तर धोका. एकतीस जणींची नावं असली तर त्यांनाच धोका.” मग सगळ्याजणी घागरी घेऊन संबंधित कार्यालयात गेल्या. मी फक्त एक काम केले, जे मला येते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून कोणाला हलू दिले नाही. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. उत्तर आले नाही तेव्हा माहितीच्या अधिकाराखाली दुसरा अर्ज टाकला. २००५ च्या त्या कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

उत्तर आले. फोडलेली जोडणी तोडली गेली. वस्तीला वाढीव नळ मात्र अजून मिळालेला नाही, अंदाजपत्रक, मंजुरी असे चालू आहे. टँकरही येतोच. विजय झाला असे मी लिहिणार नाही. पण ती पोच पत्र्याच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलेली मी पाहिली, आणि मुलाने त्या भिंतीचा फोटो काढला.

तर मंडळी, पुढच्या बैठकीत माझे म्हणणे एवढेच राहील. सिनेमा दाखवा. लांबला तर मध्ये चहा ठेवा. बायांना आवर्जून बोलवा आणि पाण्याचा दिवस सोडून तारीख धरा. सिनेमा संपला की मुलांना दोनच प्रश्न विचारा. भावेश कुठे चुकला? आणि तो आपल्या वस्तीत असता, तर आपण त्याच्याबरोबर गेलो असतो का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांनीही द्यायचे आहे. माझ्यापासून सुरुवात करा.

जयभीम!